तुम्ही विचारलंत म्हणून: ती सगळी शून्यं कुठे गेली?

अकरावीला मोल, म्हणजे रसायनशास्त्रातलं अणू-रेणू मोजायचं एकक, शिकवायला घेतला की हा प्रश्न येतोच, हल्ली पालकही विचारतात: एका मोलमधल्या कणांची एवढी मोठी संख्या सरळ पूर्ण का लिहीत नाही, दहाचा घात कशाला? ‘जागा वाचते’ हे उत्तर बहुतेकांना पाठ असतं. मला ते अपुरं वाटतं.

१८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, त्यात ६.०२२ × १०^२३ रेणू. पूर्ण लिहायचं तर ६०२२ पुढे वीस शून्यं. भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेली स्थानांची नावं परार्धाला, म्हणजे १०^१७ ला संपतात. त्या हिशेबाने हे साठ लाख परार्ध. पण अडचण लांबीची नाहीच. त्या शून्यांपैकी मोजलेली किती आणि नुसती जागा भरणारी किती, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ६.०२२ लिहिलं की मी सांगते, हे चार अंक खात्रीचे, पुढचं मी बोलत नाही. सार्थ अंक म्हणतात ते हेच. १९०९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ पेरँ यांना याच संख्येसाठी प्रयोगातून सुमारे ७ × १०^२३ हे उत्तर मिळालं. त्या साताला तेवीस शून्यं जोडली असती, तर प्रत्येक शून्य मोजल्याचा दावा झाला असता.

आता हिशेब बघा. पाण्याचा एक थेंब, ०.०५० ग्रॅम (शेवटचं शून्य मुद्दाम लिहिलंय, तेही मोजलेलं आहे). भागिले १८, म्हणजे २.८ × १०^-३ मोल. गुणिले ६.०२२ × १०^२३: अंकांचा गुणाकार साधारण १७, घातांकांची बेरीज २०. दशांश चिन्ह एक घर सरकवलं की १.७ × १०^२१ रेणू. ते जगातल्या ८ × १०^९ माणसांत वाटा. माणशी २ × १०^११, म्हणजे वीस हजार कोटी! एका थेंबातले! मुलांना मी म्हणते, आधी घातांक सांगा, अंक नंतर. शून्यं मोजत बसलं की एखादं निसटतं, उत्तर दहापट चुकतं आणि चुकल्याचं कळतही नाही.

२० मे २०१९ पासून अ‍ॅव्होगॅड्रो स्थिरांक, म्हणजे एका मोलमधल्या कणांची हीच संख्या, व्याख्येनेच ६.०२२१४०७६ × १०^२३ ठरला आहे. त्याआधी तो १२ ग्रॅम कार्बन-१२ च्या आधाराने मोजावा लागे. म्हणजे आज त्या नऊ अंकांपुढची पंधरा शून्यं खरोखर शून्यंच आहेत, ती सगळी लिहिली तरी खोटं काही होत नाही. थेंबातल्या रेणूंना मात्र ही मुभा नाही, कारण थेंबाचं वजन आपण तराजूवर मोजलेलं असतं.