पाणी जिथे, नायट्रेट तिथे

द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट आणि १३-०-४५ (पोटॅशियम नायट्रेट) सर्रास सोडलं जातं. दोन्हींत काम करणारा ऋण आयन एकच, नायट्रेट. मधे नत्राचा एक अणू, भोवती ऑक्सिजनचे तीन, आणि सगळ्यावर मिळून एक ऋणभार. जमिनीतल्या चिकणमातीच्या कणांवरही ऋणभारच असतो, म्हणून माती अमोनियमला धरून ठेवते तशी नायट्रेटला धरत नाही. पाणी जाईल तिकडे ते जातं.

म्हणूनच खत किती किलो, याइतकंच ते पाण्याच्या पाळीच्या कोणत्या टप्प्यात सोडलं यालाही महत्त्व आहे. दीड तासाची पाळी असेल तर पहिली ४५ मिनिटं साधं पाणी, पुढची २५ मिनिटं खत, शेवटची २० मिनिटं पुन्हा साधं पाणी. सुरुवातीलाच खत सोडून दीड तास पाणी चालू ठेवलं, तर हलक्या जमिनीत ते मुळांच्या खाली उतरतं. शेवटचं साधं पाणी मात्र टाळू नका, नाहीतर खत नळ्यांतच राहतं. २० मिनिटं पुरतात का, ते सर्वांत लांबच्या ड्रिपरखाली वाटी ठेवून ईसी मीटरने (पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्राने) बघा. आकडा साध्या पाण्याइतका खाली आला की बास.

१३-०-४५ विरघळताना उष्णता शोषून घेतं. २०० लिटरच्या ड्रममध्ये २० किलो टाकलं की पाणी साधारण ८ अंशांनी थंड होतं, ड्रमला हात लावला तरी कळतं. डिसेंबरात नाशिककडे सकाळचं पाणी आधीच गार, त्यात हे. दाणे तळाशी बसतात आणि लोक दुकानदारावर चिडतात. खतात भेसळ असेलच असं नाही. दुपारी विरघळवा किंवा निम्मं घ्या.

कॅल्शियम नायट्रेटची तऱ्हा वेगळी. ते हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात उघड्या गोणीचा दोन दिवसांत लगदा होतो. ५ किलोत नत्र साधारण ७७५ ग्रॅम आणि कॅल्शियम ९४० ग्रॅम मिळतं. पण सल्फेट किंवा फॉस्फेट असलेलं कुठलंही खत त्याच ड्रममध्ये नको. ०-०-५० (पोटॅशियम सल्फेट) सोबत जिप्सम तयार होतो, १२-६१-० किंवा ०-५२-३४ या फॉस्फेटच्या खतांसोबत कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका. यात नायट्रेटचा काही दोष नाही, त्याचे जवळजवळ सगळे क्षार पाण्यात विरघळतात. भांडण कॅल्शियमचं असतं. शंका असेल तर आपल्याच विहिरीच्या पाण्यात, ड्रममधल्याच प्रमाणात, काचेच्या बाटलीत मिसळून दोन-तीन तास ठेवा. दुधाळ झालं तर वेगळ्या दिवशी सोडा.

ड्रिपर बंद पडलाच असेल तर आतला पांढरा थर खरवडून त्यावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसला तर कार्बोनेट, म्हणजे मूळ दुखणं जड पाण्याचं. न फसफसता विरघळला तर बहुधा फॉस्फेट. दोन्ही ॲसिडने निघतात. तसाच राहिला तर जिप्सम समजा, त्यावर ॲसिड वाया घालवू नका, लॅटरल (ड्रिपर बसवलेली नळी) बदलणंच स्वस्त. पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

१३-०-४५ हा सोराच. जळणाऱ्या वस्तूला तो ऑक्सिजन पुरवतो. भुरी रोगासाठी आणलेली गंधकाची पावडर आणि हे खत एकाच कोपऱ्यात रचलेलं दिसतं. कोळसा, डिझेल, भुसाही शेजारीच. खोल्या वेगळ्या करा.

आता खाली उतरलेल्या नायट्रेटचं. ते विहिरीत येतं. पाण्याच्या अहवालात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम असेल तर १ लाख लिटर पाण्यातून सुमारे १ किलो नत्र बागेला फुकट जातं, ते मात्रेतून वजा करा. अहवालात ‘नायट्रेट नत्र’ (म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नत्राचं वजन) लिहिलं असेल तर तो आकडा ४.४३ ने गुणून मगच तुलना करा. नुसता १० बघून निर्धास्त झालात तर फसाल. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ४५ हीच मर्यादा आहे. त्यावरच्या पाण्यात तान्ह्या बाळाचं दूध कालवू नये, कारण पोटात नायट्रेटचं नायट्राइट होऊन रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. उकळून उपयोग नाही, वाफ निघून जाते आणि नायट्रेट उलट दाट होतं. आरओने मात्र ते बऱ्यापैकी निघतं.