दाराला बोल्ट किती?

व्हॅक्यूम चेंबरचं, म्हणजे पंपाने आतली हवा काढून घेतात त्या बंद पेटीचं, ड्रॉइंग घेऊन कोणीही येवो, एम.एस्सी.चा विद्यार्थी असो की भोसरीतला फॅब्रिकेटर, पहिला प्रश्न ठरलेला: "दाराला बोल्ट किती? आठ पुरतील की बारा लावू?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. पंप चालू असताना दार बंद राहायला एकही बोल्ट लागत नाही. ते काम बाहेरची हवा करते. तिला ते चारी बाजूंनी सारखं करू देणं, एवढंच दाराच्या डिझाइनमध्ये असतं, आणि नेमकं तेच बहुतेक ड्रॉइंगमध्ये राहून जातं.

कोटिंगच्या चेंबरला असतं तसं, सीलपाशी (हवा अडवणाऱ्या रबरी रिंगपाशी) ५०० मिमी व्यासाचं गोल दार धरू. क्षेत्रफळ झालं १,९६३ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार एक किलोहून थोडा जास्त, म्हणजे दारावर एकूण दोन टन. पुण्यात हा भार पाच-सहा टक्क्यांनी कमी भरेल, पण हिशोब समुद्रसपाटीचाच धरा. चेंबर उद्या मुंबईला जाऊ शकतो. आणि आतला दाब एक मिलिबार असो की त्याचा दशलक्षांश, दारावरचा भार तेवढाच राहतो. "हाय व्हॅक्यूम आहे" म्हणून पत्रा जाड करू नका.

मग जाडी ठरवायची कशावर? मजबुतीवर नाही, वाकण्यावर. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची १२ मिमी सपाट प्लेट घेतली तर ताण ५५ मेगापास्कलच्या आत राहतो आणि यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण, २०५ च्या आसपास आहे. कागदावर सगळं छान दिसतं. पण ती प्लेट मधोमध ०.८ मिमी आत जाते, बाहेरची कड उचलली जाते आणि दार सगळ्या फेसवर (चेंबरला टेकणाऱ्या सपाट पृष्ठभागावर) न बसता आतल्या कडेच्या एका रेषेवर टेकतं. २० मिमी घेतली की मधलं वाकणं ०.१८ मिमीवर येतं, कारण वाकणं जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. अॅल्युमिनियम ६०६१ मध्ये तेवढाच ताठपणा हवा तर २८ मिमी लागेल. तरीही सीलबाहेरची कड धरून ५६० मिमी व्यासाचं दार स्टीलमध्ये ३९ किलोचं आणि अॅल्युमिनियममध्ये १९ किलोचं होतं. रोज हाताने उघडायचं असेल तर माझं मत अॅल्युमिनियमला. व्यास मीटरकडे जायला लागला की सपाट प्लेटचा हट्ट सोडा आणि डिश-एंड वापरा. घुमटाचा आकार तोच भार फार कमी जाडीत पेलतो.

आता बिजागरी. दारं सर्वांत जास्त इथेच फसतात. ७ मिमी जाडीची ओ-रिंग, म्हणजे सीलची रबरी रिंग, ५.४ मिमी खोल खाचेत बसवली की ती फेसच्या वर १.६ मिमी उभी राहते. म्हणजे दार रिंगला टेकल्यावर अजून १.६ मिमी सरळ आत जायला हवं, आणि सगळीकडून एकाच वेळी. घरच्या दारासारखी पक्की बिजागरी लावलीत तर हे घडत नाही. बिजागरीच्या बाजूला रिंग आधी चिमटली जाते, ओढली जाते, कधी खाचेतून बाहेर येते. समोरच्या बाजूला फट राहते. मग माणूस बोल्ट वाढवतो, पाना लांब करतो, आणि रिंग कापली जाते. उपाय साधा आहे: बिजागरीच्या पिनचं भोक गोल न ठेवता फेसच्या काटकोनात ३-४ मिमी लांबट करा. मोठ्या दाराला मधोमध स्फेरिकल बेअरिंग (सगळ्या दिशांना कलू देणारं) देऊन ते एका आडव्या हातावर टांगा, म्हणजे ते स्वतःच फेसशी समांतर होतं. मात्र उभ्या दिशेत खेळ अजिबात नको. चाळीस किलोचं दार दोन मिमी जरी खाली लोंबलं तरी दर वेळी रिंग घासत राहतं. पिनखाली थ्रस्ट बेअरिंग (उभं वजन पेलणारं) द्या.

खाच ७ मिमीच्या रिंगला ८.४ मिमी रुंद ठेवा. रिंग सुमारे २३ टक्के दबते आणि खाच ८५ टक्के भरते. खाच पूर्ण भरू देऊ नका. रबर दबतं म्हणजे फक्त आकार बदलतं, आकारमान नाही, आणि पसरायला जागा नसेल तर दार धातूवर बसणारच नाही. दार धातूवर बसलंच पाहिजे, तरच रिंग किती दबणार हे खाचेची खोली ठरवते, ऑपरेटरचा हात नाही. हवा रिंगला आत ढकलते, म्हणून रिंग खाचेच्या आतल्या भिंतीला एक-दोन टक्के ताणून बसवा. खाच दारात असेल तर रिंग गळून पडू नये म्हणून डोव्हटेल (तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद खाच) काढा.

फेसचं फिनिश (खडबडीतपणा) ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, पण आकड्यापेक्षा रेघांची दिशा महत्त्वाची. लेथवरच्या गोल रेघा रिंगच्या बरोबरीने धावतात, त्या चालतात. खाच ओलांडणारा एक आडवा ओरखडा म्हणजे हवेला वाट. पॉलिश करतानासुद्धा एमरी रिंगच्या दिशेनेच फिरवा. आणि फ्लँज (दार टेकतं ती धातूची कडी) चेंबरला वेल्ड करून मगच फेस मशिन करा. आधी मशिन केलेला फेस वेल्डिंगच्या उष्णतेने वाकडा होतोच.

रिंगला व्हायटन (फ्लोरिनयुक्त रबर) घ्या. नायट्राइल रबर स्वस्त आहे, पण उष्णता कमी सोसतं आणि ओझोनने तडकतं. सिलिकॉनमधून हवा झिरपते, ते टाळा. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. अॅसिटोनने व्हायटन फुगतं. दारात अॅक्रिलिकची खिडकी असेल तर मात्र तिला अल्कोहोल लावू नका, ताणाखालच्या अॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. ग्रीस लावायचंच तर चमक येण्यापुरतं. जाड थर गळती थांबवत नाही, फक्त धूळ आणि धागे गोळा करतो.

म्हणजे बोल्टचं उत्तर: तीन किंवा चार हातनॉब, सगळे रिंगच्या बाहेर. पंप सुरू होताना दार सगळीकडून रिंगला टेकलेलं राहील, एवढंच त्यांचं काम. आतला दाब उतरला की नॉब सैल करा, पण काढू नका. कारण नायट्रोजनने व्हेंट करताना (दार उघडण्याआधी आत वायू सोडताना) व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि आत ०.१ बार जादा दाब साठला, तर याच दारावर बाहेरच्या दिशेने दोनशे किलोंचा धक्का बसतो. सैल नॉब असतील तर दार दोन-तीन मिमी उघडून दाब सोडून देतं. चेंबरवर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब आपोआप सोडणारा) तरीही हवाच.

गळती शोधताना दाराभोवती हेलियम फवारलात आणि चेंबरला जोडलेल्या हेलियम डिटेक्टरचा काटा लगेच उडाला, तर तिथे ओरखडा, केस किंवा धागा आहे. काटा काही मिनिटांनी सावकाश चढत गेला, तर हेलियम व्हायटनमधून झिरपतोय. दार निर्दोष आहे, ते उघडून रिंग बदलू नका.