बावीस वर्षं जास्त झाली

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात माजी सैनिकांच्या राखीव जागेवर बँकेत लागले. त्या पगारावर आम्ही दोघी बहिणी शिकलो. आता मी अमेरिकेत, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मनुष्यबळ विभागात आहे. माजी सैनिकाची फाईल टेबलावर आली की माझा हात जरा हळू चालतो.

त्या वर्षी आमच्याकडे कपात निघाली. एकसारखी दोन पदं होती, त्यातलं एक जाणार होतं. एका पदावर बावीस वर्षं लष्करात काढलेले, दोनदा इराकला जाऊन आलेले सार्जंट. दुसऱ्यावर चार वर्षं नौदलात राहिलेली एक बाई. दोघांची नोकरी कायम. कपातीची यादी लावताना आधी नोकरी कायम आहे का हे बघतात, मग माजी सैनिक आहे का, आणि त्यानंतर सेवेची वर्षं. यादी तयार झाली तेव्हा बाई वर होत्या. सार्जंट खालच्या गटात, कधीच सैन्यात न गेलेल्यांबरोबर.

मी तीनदा तपासलं. वकिलांनाही विचारलं. यादी बरोबर होती.

1944 च्या कायद्याने भरतीत पात्र माजी सैनिकाला पाच गुण मिळतात, सेवेत अपंगत्व आलेल्याला दहा. सार्जंट 2008 मध्ये त्या पाच गुणांवरच लागले होते. कपातीत मात्र वेगळा नियम आहे, 1964 पासूनचा. वीस किंवा अधिक वर्षांची पूर्णवेळ सेवा करून जो लष्करी पेन्शन घेतो, त्याला कपातीत माजी सैनिक म्हणून प्राधान्य नाही. सवलत आहे ती मुख्यतः लढाईतल्या अपंगत्वामुळे निवृत्त झालेल्यांना. सेवेची वर्षं मोजतानाही बावीसपैकी फक्त इराकमधला काळ धरला जातो. पेन्शनवाल्याला आधार आहे, हा विचार मला समजतो. पण भरतीच्या दिवशी हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, आणि हे मला आजही पटत नाही.

नोटीस द्यायला बोलावलं तेव्हा ते सेवामुक्तीचा कागद, डीडी-214, प्लास्टिकच्या पाकिटात घालून घेऊन आले होते. तुमच्याकडे हा पोचला नसेल, म्हणाले. पोचला होता, त्यावरच निकाल झाला होता. मी नियम वाचून दाखवला. बराच वेळ ते गप्प होते.

"एकोणीस वर्षांनीच लष्कर सोडलं असतं तर?"

"तर तुम्ही त्या नौदलातल्या बाईंच्याच गटात असता."

त्यांनी पूर्वी केलेलं, दोन श्रेणी खालचं एक पद मला सापडलं. तिथे सहा वर्षं काम केलेला एक तरुण होता. नियमाने सार्जंट त्याच्या जागी जाऊ शकत होते. दोन वर्षं जुनी श्रेणी राखली जाणार होती. त्या मुलाला काय सांगायचं, हे त्यांनी माझ्याआधी विचारलं. मग सही केली.

उठताना त्यांनी नियमाच्या त्या पानाची प्रत मागितली. गोदामात त्यांचा एक मित्र होता, लष्करात तेवीस वर्षं काढलेला. "त्यालाही माहीत नाही," म्हणाले. मी दोन प्रती काढून दिल्या.