व्याजाला हेड नाही

भोसरी एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. पुण्यातल्या पाहुण्यांना हे कितीही वर्षं सांगितलं तरी ते लग्नपत्रिका घेऊन नेमके गुरुवारी शॉपवर येतात आणि बंद शटर बघून परत जातात. आम्हाला मात्र हा वार सोयीचा, कारण सरकारी कचेऱ्या उघड्या असतात. 9 जानेवारी 2025 ला गुरुवार होता आणि शिवाजीनगरला थकलेल्या बिलाची आमची सुनावणी होती. आदल्या संध्याकाळी दादा म्हणाले, "बरं झालं ताई, कामाचा खाडा नाही." पावणेचार लाखांच्या व्याजाचा प्रश्न, आणि हा माणूस खाड्याचा हिशेब करत होता.

दादा म्हणजे ज्यांच्याकडे मी नऊ वर्षं हिशेब बघते ते. अशी चार वर्कशॉप माझ्याकडे आहेत. जीएसटी, पगार, पीएफ, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, सगळं माझ्या गळ्यात. दादांकडे अकरा माणसं. स्टेनलेस स्टीलचा पत्रा कापायचा, वाकवायचा, आर्गन वेल्डिंग मारायचं, बफिंग करून चकाकी आणायची. ते स्वतः दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डर होते. अजून कुठलंही जोडकाम दिसलं की आधी त्यावरून अंगठा फिरवतात, मग माणसाशी बोलतात.

2022 च्या दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या एका स्थानिक संस्थेची ऑर्डर मिळाली. नाव घेत नाही. शाळांसाठी पाण्याच्या स्टीलच्या टाक्या, स्टँड आणि नळांसकट. माल पोचला संक्रांतीच्या आठवड्यात, 2023 साली. बिल 8 लाख 40 हजारांचं. त्यातले 1 लाख 28 हजार 136 रुपये जीएसटी, आणि तो आम्ही 20 फेब्रुवारीला भरला. हातात दमडी आलेली नव्हती, पण जीएसटीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. बिल फाडलं की कर लागला. रिटर्नला उशीर झाला तर रोजचे 50 रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज. दादांनी कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या उचल खात्यातून, काढून भरला. म्हणजे सरकारचा एक खिसा भरायला बँकेकडून कर्ज, कारण सरकारचाच दुसरा खिसा उघडत नव्हता.

आमच्यासारख्यांचं सरकारशी नातं एकपदरी नसतं. शेड ज्या जमिनीवर आहे ती एमआयडीसीची, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. पाणीही तिचंच. वीज महावितरणची, आणि बिल थकलं तर 15 दिवसांची नोटीस देऊन कनेक्शन तोडता येतं. मिळकतकर महापालिकेचा. त्यात आता गिऱ्हाईकही सरकार. घरमालक, सावकार, सासरा आणि गिऱ्हाईक एकच माणूस असावा, तसं. अशा माणसाकडे उधारी मागायला कुठल्या तोंडानं जायचं?

पहिलं वर्ष दादा नुसते जाऊन बसत. फाइल वर गेली आहे. फाइल खाली आली आहे. साहेब बदलून गेले. नवे साहेब आले, पण त्यांना तपासणी दाखल्यावर आधीच्या साहेबांचीच सही हवी. मग 31 मार्च गेला आणि निधी परत गेला. हे वाक्य ज्यानं कधी ऐकलेलं नाही, त्याला त्यातली थंडी कळायची नाही. टाक्या शाळांत बसलेल्या, पोरं त्यातलं पाणी पितायत, आणि ज्यातून पैसे द्यायचे ती रक्कमच आता अस्तित्वात नाही.

खासगी कंपन्यांचं मधल्या काळात जरा सुधारलं होतं. आयकर कायद्यात 43बी(एच) आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही. 2024 च्या मार्चमध्ये मला आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्समधून स्वतःहून फोन आले, "मॅडम, तुमचं काही बाकी आहे का?" दोन मिनिटं मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. पण जी संस्था आयकरच भरत नाही, तिला या काठीचं काय भय?

राहिला 2006 चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा. तो सगळ्यांना लागू, सरकारी खरेदीदारालाही. जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. त्या काळात बँक रेट 6.75 होता, म्हणजे 20.25 टक्के. दाद मागायला सुविधा परिषद. ती आधी सलोखा करू बघते, नाही जमलं तर लवाद. खरेदीदाराला निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर इतका दणकट कायदा छोट्या पुरवठादाराच्या बाजूनं दुसरा कुठला असेल असं मला वाटत नाही. दादांना समाधान पोर्टलवर, म्हणजे या परिषदेकडे ऑनलाइन, अर्ज करायला राजी करायला मला सात महिने लागले.

"ताई, केस केली तर पुढच्या ऑर्डरी?" हे एकच वाक्य. सात महिने.

त्या गुरुवारी आम्ही नाशिक फाट्याला मेट्रोत बसलो. दादांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि मांडीवर रेक्झीनची बॅग अशी धरली होती, जणू आत दागिने आहेत. आत माझा तक्ता होता. मार्च 2023 ते डिसेंबर 2024, 22 महिने, 22 ओळी. शेवटच्या ओळीत व्याज 3 लाख 73 हजार 853. तो तक्ता मी तीनदा तपासला होता, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता. दादा बोपोडीपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "तो टाकीचा खालचा जॉइंट आपण बदलायला हवा पुढच्या लॉटला."

परिषदेवर फक्त सरकारी अधिकारी नसतात. उद्योग खात्याचे अधिकारी अध्यक्ष, सोबत उद्योजक संघटनेचे आणि बँकेचे प्रतिनिधी, अशी कायद्यातच रचना आहे. लांब टेबल, पलीकडे ते, अलीकडे एका बाजूला आम्ही आणि दुसऱ्या बाजूला त्या संस्थेचे लेखाधिकारी. मी मनात एक चित्र रंगवून गेले होते, जाड, पान खाणारा, फोनवर बोलणारा माणूस. होता पस्तिशीचा, बारीक, डोळ्याखाली काळं, आणि त्याच्याकडची फाइल आमच्या फाइलच्या तिप्पट.

त्यानं पहिलाच कागद काढला आणि माझ्या पोटात गोळा आला. आमचंच डिलिव्हरी चलन. पुढच्या बाजूला शाळेचा शिक्का, सही, तारीख. ती बाजू आमच्याही फाइलला होती. त्यानं कागद उलटा केला. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं, "2 नळ गळती".

मूळ प्रत हातात आली होती तेव्हा मी ते वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी आमचा पोऱ्या जाऊन दोन्ही नळ बदलून आला होता. मी त्याच्याकडून सहीचा एक चिटोराही मागितला नाही, आणि अर्जाला झेरॉक्स जोडली ती पुढच्याच बाजूची. आता कायदा असा आहे की माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार आली, तर ती दूर होईल तो दिवस स्वीकृतीचा. 45 दिवस तिथून मोजायचे. नळ बदलल्याचा कागद नाही, म्हणजे तक्रार दूर झाल्याचा पुरावा नाही, म्हणजे स्वीकृती नाही, म्हणजे घड्याळ सुरूच झालं नाही. माझ्या 22 ओळी त्या पेन्सिलीच्या दोन शब्दांवर लटकत होत्या. चूक सगळी माझी. दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं.

अध्यक्षांनी लेखाधिकाऱ्यांना विचारलं, "नळ बदलून दिले होते का?"

तो माणूस "रेकॉर्डवर नाही" म्हणू शकत होता. ते खरंही होतं, आणि त्याला एवढंच म्हणायचं होतं. त्यानं चलन परत फाइलीत ठेवलं आणि म्हणाला, "दिलेत सर. मी गेलोय त्या शाळेत. पाणी प्यायलोय त्या नळाचं. बिलाबद्दल आमचा वाद नाही, मालाबद्दलही नाही. मुद्दल 31 मार्चच्या आत देतो, सुधारित अंदाजपत्रकात तरतूद घेतली आहे." मग जरा थांबून म्हणाला, "व्याज देता येणार नाही."

"का?"

"व्याजाला हेड नाही सर."

सरकारात एक रुपया जरी बाहेर जायचा तर त्याला लेखाशीर्ष लागतं. औषधाला आहे, खुर्च्यांना आहे, टाक्यांना आहे. पुरवठादाराला उशीर केल्याबद्दल द्यायच्या व्याजाला त्यांच्या अंदाजपत्रकात नव्हतं. संघटनेचे जे सदस्य होते ते तापले. म्हणाले, कायदा संसदेचा आहे, तुमच्या हेडवर अवलंबून नाही. त्यावर त्यानं जे सांगितलं ते मी नऊ वर्षांत कुठल्या सेमिनारमध्ये ऐकलं नव्हतं. "मान्य आहे सर. आदेश झाला तर भरावंच लागेल. पण भरलं की ऑडिटचा आक्षेप निघणार, हा निष्फळ खर्च कुणामुळे झाला? आधीचे दोघं बदलून गेले. सही माझी असणार. वसुली माझ्या पगारातून लावतात." आवाज चढवला नव्हता. जणू हवामान सांगावं तसं.

मला त्याची दया आली आणि त्या दयेचा रागही आला. आमच्या कॅश क्रेडिटचं व्याज कुणाच्या पगारातून गेलं होतं? दादांनी त्या दोन वर्षांत एकदा पोरीची फी उशिरा भरली होती, ते मला माहीत होतं; हिशेब मीच लिहिते.

अध्यक्षांनी दहा मिनिटं दिली. तडजोड होते का बघा, नाहीतर लवादाकडे घेऊ. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. मी दादांना म्हटलं, काही सोडायचं नाही. नळाचा मुद्दा त्यानं स्वतःच सोडलाय, त्याचं बोलणं नोंदवून घेऊ, आता केस आपली आहे. निम्मं तरी घेऊ.

दादा खिडकीच्या लोखंडी गजाच्या जोडावर अंगठा फिरवत होते.

"ताई, नळाचं तो खोटं बोलला असता तर आपण काय केलं असतं?"

"आता नाही ना बोलला."

"तेच म्हणतोय मी."

पुढे म्हणाले, "त्या हापिसात आपली अजून दोन बिलं आहेत. हा माणूस तिथं असेपर्यंत ती निघतील. याला अडकवला तर येणारा पुढचा कसा असेल, कोणाला माहीत." यातलं चांगुलपणाचं किती आणि धंद्याचं किती, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता यायचं नाही. दादांनाही सांगता येईलसं वाटत नाही.

सह्या झाल्या. मुद्दल 8 लाख 40 हजार, 31 मार्च 2025 पूर्वी. व्याजावरचा हक्क अर्जदारानं स्वखुशीनं सोडला. 'स्वखुशीनं' हा शब्द टाइप होताना मी पडद्याकडे बघत होते. बाहेर पडताना लेखाधिकारी दादांना म्हणाले, "शेठ, चहा घेऊ या," आणि पैसेही त्यांनीच दिले. मी घेतला नाही. ॲसिडिटी आहे म्हणाले.

27 मार्चला खात्यात 8 लाख 25 हजार 763 रुपये आले. 2 टक्के जीएसटी टीडीएस कापलेला. तो नियमाप्रमाणे अगदी वेळेवर कापला होता. दुसरी दोन बिलंही जूनपर्यंत निघाली, हे मान्य करायला हवं.

पावसाळ्यात त्याच संस्थेची नवी निविदा निघाली, पुन्हा टाक्याच. दादांनी रेट काढायला मला बसवलं. पत्रा, मजुरी, बफिंग, वाहतूक, नफा, सगळी बेरीज झाली आणि ते म्हणाले, "आता तो तुमचा तक्ता काढा." 22 ओळींचा. "यातला वर्षभराचा आकडा टाकीमागे किती बसतो ते बघा, आणि रेटमध्ये धरा." मी धरला. टाकी जवळपास बावीस टक्क्यांनी महागली. निविदा उघडल्यावर लेखाधिकाऱ्यांचा फोन आला, "शेठ, या वेळी रेट फारच लागलाय तुमचा." दादा हसून म्हणाले, "साहेब, व्याजाला हेड शोधलं आम्ही." तिकडून ते काही बोलले नाहीत.

ऑर्डर अर्थातच आम्हाला मिळाली नाही. सर्वात कमी दर भोसरीतल्याच एका तरुणाचा होता, आमच्यापासून चौथ्या गल्लीत. मागच्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. कुणीतरी नंबर दिला असणार. म्हणाला, "ताई, माल देऊन चार महिने झाले. ते परिषदेकडे अर्ज कसा करतात?"

मी आधी विचारलं, लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची आहे ना? आहे म्हणाला. मग म्हटलं, चलनं घेऊन ये. झेरॉक्स नको, मूळ प्रती आण. आणि दोन्ही बाजू बघून आण.