तुम्ही विचारलंत म्हणून: नवोदयचे सीनियर नोकरी लावून देतात का?

मी जवाहर नवोदय विद्यालयात शिकलो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "तुमची मुलं सगळीकडे आहेत म्हणे. मग नव्या पोरांना नोकरीला लावून देत असाल ना?" विचारणाऱ्याचा मुलगा किंवा भाची बहुतेक वेळा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असते, म्हणून नीट उत्तर देतो.

नोकरी लावून देत नाही. कंपनीत जागा निघाली तर रेफरल देतो. त्यानं बायोडेटा एचआरच्या टेबलापर्यंत जातो, इंटरव्ह्यू ज्याचा त्यानंच द्यायचा. सरकारी भरतीत तेवढंही नाही. तिथं कुणी 'काम करून देतो' म्हणत पैसे मागत असेल तर तो आमच्या शाळेचा असला तरी मुलाला त्याच्यापासून लांब ठेवा.

मग आम्ही करतो काय? ते कळायला शाळा माहीत हवी. १९८५-८६ मध्ये झज्जर आणि अमरावती इथं पहिली दोन नवोदय सुरू झाली. आज तमिळनाडू वगळता देशभर साडेसहाशेहून जास्त आहेत, साधारण जिल्ह्याला एक. सहावीला परीक्षा देऊन प्रवेश, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना, आणि राहणं-जेवण शाळेतच. त्यामुळे आमच्यातले पुष्कळ जण घरातले पहिले पदवीधर. आईवडील पोटाला चिमटा घेऊन शिकवतात, पण ऑफर लेटर त्यांनीही कधी पाहिलेलं नसतं.

खरं काम तिथं सुरू होतं. मुलगा आनंदात फोन करतो, "दादा, सहा लाखांचं पॅकेज!" गावात पेढे वाटून झालेले असतात. त्याच्या हिशेबानं महिन्याला पन्नास हजार हातात येणार. त्याला पत्र पाठवायला सांगतो आणि फोनवरच ओळ न् ओळ वाचतो. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो, बहुतेकदा ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ताही. व्हेरिएबल पे कामगिरी पाहून मिळतो, तोही बहुतेकदा वर्षाअखेरीला. शिवाय बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या, १२ टक्के त्याचा स्वतःचा पीएफ कापला जाणार. हे सगळं वजा करून हातात येणारा आकडा त्याच्याकडूनच कागदावर मांडून घेतो. मग खोलीचं डिपॉझिट, मेस, घरी पाठवायचे पैसे. पगार ऐकून कुणी लगेच हप्त्यावर बाइक घ्यायला निघालेला असेल तर तो हा कागद पाहून थांबतो. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट, आहे का, नोटीस पीरियड किती, हेही बघतो. मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेणारी कंपनी असेल तर सरळ सांगतो, देऊ नकोस.

ज्या घरात आधीपासून नोकरदार आहेत तिथं हे जेवताना बोलता बोलता कळतं. आमच्या मुलांना ते कुणीतरी सांगावं लागतं.

आणि हे सांगणारा सीनियर दोन-चार वर्षांनीच पुढे असावा, असं माझं ठाम मत आहे. मेळाव्यात मोठ्या अधिकाऱ्याचं भाषण ऐकून मुलांना हुरूप येतो, तो यायलाच हवा. पण पीजीचा (पेइंग गेस्ट खोलीचा) मालक डिपॉझिट परत देत नाही, टीम लीडसमोर इंग्रजी अडखळतं, या गोष्टी साहेबांना विचारायला जीभ रेटत नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच मेसमध्ये मागच्या बाकावर जेवणाऱ्या दादाला रात्री अकरालाही विचारता येतं. मुलींना ताईच लागते. कुठल्या भागात राहावं, रात्रपाळीची कॅब कशी असते, घरी लग्नाची घाई चालली असताना अजून दोन वर्षं कशी मागावी, हे ताईशिवाय कुणाजवळ बोलणार? कधी ताई थेट मुलीच्या वडिलांशी बोलते, आणि त्या एका फोननं पुष्कळ फरक पडलेला मी पाहिलाय.

सगळ्यात अवघड बोलणं एमपीएससी करणाऱ्यांशी. खुल्या गटाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे 'अजून एक वर्ष' नेहमीच शिल्लक असतं. अशा वेळी नुसता धीर देणं मला पटत नाही. पूर्व परीक्षेत किती गुणांनी राहिलं, घरून पैसे किती दिवस येतील, आणि थांबायचं ठरलं तर हातात काय आहे, हे तिन्ही प्रश्न विचारावेच लागतात. यात परीक्षा देऊन बाहेर पडलेला सीनियर फार उपयोगी पडतो. निवड झालेल्यापेक्षाही जास्त.

तुमच्या गावच्या हायस्कूलमध्ये हे होईल का, असंही विचारता. होईल. वसतिगृह नसलं म्हणून अडत नाही. गेल्या पाच वर्षांत पदवी घेऊन कामाला लागलेल्यांची नावं शाळेकडून किंवा वर्गमित्रांकडून गोळा करा. एका सीनियरकडे दोनच मुलं द्या, जास्त नकोत. आठवड्यातून एक फोन, पहिल्या नोकरीचे सहा महिने होईपर्यंत. आणि पहिला फोन सीनियरनं करायचा, कारण ही मुलं संकोचानं स्वतःहून करत नाहीत.