माईकचा आर्म निवडताना: आधी वजनकाटा, मग टेबलाची कड

गेली चार वर्षे मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तके घरी वाचून ध्वनिमुद्रित करते. हे काम एका बैठकीचे नसते. इतिहासाचे एक प्रकरण दोन-तीन दिवस चालते आणि ऐकणाऱ्या मुलाला मात्र ते सलग, एकाच आवाजात, एकाच अंतरावरून ऐकू यावे लागते. वाचणाऱ्याचा आवाज मध्येच दूर गेला की ऐकणाऱ्याचे लक्ष मजकुरावरून उडते, हे मला मुलांनीच सांगितले. त्यामुळे माईक तोंडापासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणारा, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा बूम आर्म ही माझ्यासाठी चैनीची वस्तू नव्हती. तो निवडताना मी एक चूक केली आणि त्या चुकीतून बरेच शिकले. नव्याने घरी ध्वनिमुद्रण सुरू करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या वर्षी माईक टेबलावरच्या छोट्या तिपाईवर असे. पुस्तक मध्ये आणि माईक पुस्तकाच्या पलीकडे, म्हणजे तोंडापासून सुमारे ३६ सेंटिमीटरवर. आवाज बारीक येई, म्हणून मी गेन, म्हणजे माईकच्या संकेताची वाढ, वाढवी आणि गेनबरोबर पंख्याची घरघर, खालच्या रस्त्यावरच्या स्कूटरी आणि रिकाम्या भिंतींवरून परतणारा खोलीचा घुमारा, सगळेच वर येई. अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे ३६ सेंटिमीटरवरचा माईक १२ सेंटिमीटरवर आणला, तर खोली तीच, माईक तोच, आणि तरीही माझा आवाज घुमाऱ्याच्या तुलनेत साडेनऊ डेसिबलने वर येतो. भिंतींना फोम चिकटवण्यावर खर्च करण्याआधी माईक जवळ आणण्यावर खर्च करावा, असे माझे ठाम मत यातूनच झाले.

म्हणून मी ऑनलाइन बाजारातला सर्वांत स्वस्त आर्म मागवला. तो कोणत्या कंपनीचा होता याला महत्त्व नाही, कारण दोष जितका वस्तूचा होता तितकाच माझ्या निवडीचाही होता. पहिली पंधरा मिनिटे सर्व ठीक चाले. त्यानंतर आर्म इतका हळू खाली झुके की वाचताना ते लक्षात येत नसे. संपादनाला बसल्यावर मात्र प्रकरणाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आवाज दोन वेगळ्या खोल्यांत वाचल्यासारखा वाटे. सांध्याचे स्क्रू मी आवळत गेले आणि शेवटी एकाचे आटे गेले. पूर्ण झालेले एक प्रकरण मला पुन्हा वाचावे लागले.

चूक अशी होती की मी केवळ माईकचे वजन पाहिले होते. माझा माईक ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० आहे आणि त्याचे वजन ३४५ ग्रॅम आहे. आर्मवर मात्र एकटा माईक कधीच बसत नाही. शॉक माउंट (माईकला थरथरीपासून वाचवणारी झोळी), पॉप फिल्टर (तोंडातून येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी), त्याची लवचीक दांडी आणि लोंबणारी एक्सएलआर केबल (माईकची तीन पिनांची केबल), हे सगळे मी अखेर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले, तेव्हा काटा ६०० ग्रॅमच्या आसपास थांबला. आर्म घेण्याआधी करायचे पहिले काम हेच आहे. केबलचा जेवढा भाग आर्मवर टांगला जाणार तेवढाही काट्यावर ठेवावा.

हे वजन हाती आले की आर्मचा प्रकार ठरवता येतो. काही आर्मना स्प्रिंग नसतात. ते केवळ सांध्यातल्या घर्षणावर उभे राहतात. म्हणून स्क्रू आवळावा तेव्हा आर्म जागेवर राहतो आणि हलवायचा असेल तेव्हा तो सैल करावा लागतो. हलक्या माईकला आणि एकदा बसवून तसाच ठेवायच्या मांडणीला हा प्रकार चालतो. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंगचा ताण वजनाला तोलून धरतो आणि माईक बोटाने ढकलावा तिथे थांबतो. या तोलाचे मूळ टेबललँपमध्ये आहे. मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारे इंग्रज अभियंता जॉर्ज कार्वर्डाइन यांनी १९३२ मध्ये स्प्रिंगने तोललेल्या ज्या दिव्याच्या रचनेचे पेटंट घेतले, तोच अँगलपॉइज दिवा म्हणून पुढे प्रसिद्ध झाला आणि आजचे बहुतेक स्प्रिंगवाले माईक आर्म त्याच तत्त्वावर चालतात. माझे वडील नकाशे काढत असत. त्यांच्या ड्रॉइंग बोर्डाला असाच एक दिवा होता. त्याची पातळ पत्र्याची टोपी तुटल्यावर त्यांनी जाड पत्र्याची बसवली, तेव्हापासून तो दिवा मान टाकू लागला. आर्म झुकू लागला तेव्हा मला तो दिवा आठवायला हवा होता.

स्प्रिंगच्या आर्मबाबत उलटी अडचणही असते आणि तिच्याकडे खरेदी करताना सहसा कोणाचे लक्ष जात नाही. स्प्रिंग फार ताठ असेल आणि माईक हलका असेल, तर आर्म खाली झुकत नाही, उलट माईकला वर उचलतो. रोड (Røde) या कंपनीच्या जुन्या पीएसए १ या नावाजलेल्या आर्मची मर्यादा ७०० ग्रॅम ते १.१ किलो अशी दिलेली होती. शुअरच्या एसएम७बीसारख्या सुमारे ७६५ ग्रॅमच्या माईकसाठी तो योग्य होता, पण माझ्या ६०० ग्रॅमच्या साजासाठी महाग असूनही अयोग्य ठरला असता. त्याच कंपनीच्या नंतरच्या पीएसए १ प्लसची मर्यादा ९४ ग्रॅमपासून १.२ किलोपर्यंत आहे. हे दोन्ही आर्म माझ्या खिशाबाहेरचे आहेत. तरीही हे आकडे मला महत्त्वाचे वाटतात, कारण वजनाची खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा सांगितलेल्या असणे ही चांगल्या आर्मची खूण आहे. स्वस्त आर्मच्या माहितीत बहुधा फक्त वरची मर्यादा असते. तिथे ‘१.५ किलोपर्यंत’ असे लिहिलेले असले, तरी आर्म पूर्ण पसरलेला असताना तो तेवढे पेलेल असे धरून चालू नये. मी स्वतः लिहिलेल्या मर्यादेच्या निम्मे वजनच हिशेबात धरते.

आता टेबलाची कड. आर्मची लांबी ७० सेंटिमीटर आणि क्लॅम्पची, म्हणजे टेबलाच्या कडेला आवळायच्या पंजाची, पकड ५ सेंटिमीटर रुंद असेल, तर तरफेच्या हिशेबाने टोकाशी लटकलेल्या ६०० ग्रॅमचा भार कडेवर चौदा पटीने, म्हणजे आठ किलोहून अधिक पडतो. आर्मचे स्वतःचे वजन त्यात आणखी मिळवावे लागते. माझे टेबल पार्टिकल बोर्डाचे आहे. पहिला आर्म काढला तेव्हा सनमायक्यावर क्लॅम्पचा खड्डा दिसला. शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या सुतारदादांना दाखवल्यावर ते म्हणाले, “ताई, ही भुशाची फळी आहे. दाबाल तेवढी बसत जाणार. वरखाली प्लायचे तुकडे घाला, म्हणजे दाब पसरेल.” त्यांनी १२ मिलिमीटर प्लायवूडचे तळहाताएवढे दोन तुकडे कापून दिले. ते फळीच्या वर आणि खाली ठेवून आवळल्यापासून कड शाबूत आहे. मात्र तुकडे घातल्यावर एकूण जाडी वाढते, म्हणून क्लॅम्प किती उघडतो हे आधी मोजावे. जुन्या सागवानी टेबलांना फळीच्या खाली चौकटीची पट्टी असते आणि क्लॅम्पचा खालचा पंजा तिथे अडतो. अशा टेबलाला फळीला स्क्रूने बसणारी बैठक किंवा सरळ जमिनीवरचा स्टँड घ्यावा. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावूच नये.

आट्यांची गोष्ट थोडक्यात सांगते. माईकच्या जोडणीचे आटे मुख्यतः ५/८ इंच आणि ३/८ इंच अशा दोन मापांचे असतात. कॅमेऱ्याचे १/४ इंचाचे माप तिसरे. मापे जुळत नसली तर अडॅप्टर स्वस्तात मिळतो, पण तो प्लास्टिकचा न घेता पितळेचा किंवा पोलादाचा घ्यावा.

आवाजाकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते. उघड्या स्प्रिंगच्या आर्मला टिचकी मारून हेडफोनमध्ये ऐकले, तर तार छेडल्यासारखा एक लांबणारा नाद येतो. मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत सैलसर ओवल्या आणि तो नाद जवळजवळ संपला. पट्ट्या घट्ट बांधल्या तर स्प्रिंगचा तोल बिघडतो. टेबलावर कोपर टेकणे, पेन्सिल ठेवणे, लॅपटॉपचा पंखा सुरू होणे, या सगळ्यांची थरथर क्लॅम्पमधून वर चढते, म्हणून मी लॅपटॉप बाजूच्या स्टुलावर ठेवते आणि ध्वनिमुद्रणातला ८० हर्ट्झखालचा, म्हणजे अगदी खोल घरघरीचा, भाग फिल्टरने कापते. केबल आर्मला वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधताना प्रत्येक सांध्यापाशी सैल वळसा सोडावा. नाहीतर आर्म फिरवताना केबल ताणली जाते आणि तिचा कचकच आवाज थेट माईकमध्ये जातो. आतच केबल बसवलेले स्वस्त आर्म मी टाळते, कारण ती केबल खराब झाली की ती बदलता येत नाही.

मराठी वाचणाऱ्याने आर्मच्या पल्ल्याचा विचार आणखी एका कारणाने करावा. आपल्या भाषेत ‘प’ आणि ‘ब’ यांच्या जोडीला ‘फ’ आणि ‘भ’ हे महाप्राण ओष्ठ्य वर्णही आहेत, आणि ‘भूभाग’ किंवा ‘भौगोलिक’ असे शब्द भूगोलाच्या पुस्तकात ओळीओळीला येतात. माईक तोंडाच्या अगदी समोर असला की पॉप फिल्टर असूनही हवेचा झोत माईकच्या आतल्या पडद्यावर आदळतो. माईक तोंडाच्या रेषेपासून बाजूला, ओठांच्या किंचित वर आणून तिरका तोंडाकडे वळवला की झोत बाजूने निघून जातो आणि शब्द स्वच्छ राहतो. यासाठी आर्म पुस्तकावरून किंवा बाजूने एवढा लांब यायला हवा की उजवा हात पाने उलटायला मोकळा राहील. माझ्या टेबलाला दोन भागांचा, एकूण ७५ सेंटिमीटरच्या आसपासचा आर्म पुरतो. याहून आखूड आर्म नेहमी पूर्ण ताणूनच वापरावा लागतो आणि तिथेच त्याच्यावर सर्वाधिक भार येतो.

पहिला आर्म मी सातशे रुपयांना घेतला होता, दुसरा अठराशेला. दुसऱ्याच्या सांध्यांना धातूचे वॉशर आहेत आणि स्क्रूची मूठ हाताने आवळता येईल एवढी मोठी आहे. तो आल्या दिवशी मी सगळा साज चढवला, आर्म आडवा पूर्ण पसरवला, माईकच्या टोकाशी भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि दोन तासांनी पाहिले. माईक खुणेवरच होता. परत करण्याची मुदत संपण्याआधी ही परीक्षा प्रत्येकाने घ्यावी. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चारही सांध्यांचे स्क्रू तपासते, प्लायचे तुकडे सरकले नाहीत ना ते पाहते आणि मग नवे प्रकरण उघडते.