स्नेहसंमेलनातली शब्दशिडी

डिसेंबरच्या अखेरीस आमच्या शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन भरत असे. नाटक, समूहगीत, रांगोळी आणि शेलापागोटे यांच्या जोडीने त्यात ‘शब्दशिडी’ची स्पर्धा असे, आणि तिच्यासाठी ना वेशभूषा लागे ना गोड गळा, कोरा कागद आणि टोक केलेली पेन्सिल एवढ्या भांडवलावर कोणालाही तिच्यात उतरता येई. रंगमंचावर जायला बिचकणाऱ्या माझ्यासारख्या मुलांना संमेलन आपले वाटले ते या खेळामुळे, असे मी आजही मानतो.

खेळ शाळेत आणला गणिताच्या सरांनी. ‘ॲलिस’च्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरल ऑक्सफर्डला गणित शिकवत, याचा सरांना कोण अभिमान! १८७७ च्या नाताळात, करायला काहीच नाही म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठी कॅरल यांनी हा खेळ रचला आणि १८७९ मध्ये लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात तो छापून येऊ लागला, ही हकिगत सर दरवर्षी तितक्याच उत्साहाने सांगत.

दिलेल्या एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायचे, दर पायरीला एकच अक्षर बदलायचे आणि मधला प्रत्येक शब्द अर्थपूर्ण हवा, एवढाच नियम. इंग्रजीत तो सरळ आहे; देवनागरीत मात्र काना-मात्रा वेगळी मोजायची की काय, हा प्रश्न उरतो. मराठीच्या बाईंनी तो कायमचा मिटवला होता : काना, मात्रा, वेलांटीसकट अक्षर एकच, आणि विशेषनामे बाद. या काटेकोरपणामुळेच खेळाला धार आली.

सुरुवात ‘नकार’ ते ‘होकार’ अशा एका पायरीच्या जोडीने होई, म्हणजे पाचवीतली मुलेही खुशीत येत. मग ‘शहर’ ते ‘कमळ’ : शहर, कहर, कमर, कमळ. खरा कस लागला तो ज्या वर्षी फळ्यावर ‘सकाळ’ आणि ‘दुपार’ हे दोन शब्द आले त्या वर्षी. बहुतेक सगळे आधी ‘दुकाळ’कडे धावले, कारण ‘दु’ आयताच हाती लागत होता. पण दुकाळातून फार तर ‘दुकान’ गाठता येते, आणि तिथून पुढे वाटच नाही. नववीतल्या एका मुलीने ‘दु’चा मोह सोडून उलट्या टोकाने, म्हणजे ‘दुपार’कडून, मागे यायला सुरुवात केली आणि शिडी लावली : सकाळ, अकाळ, अकार, अपार, दुपार.

‘अकाळ’ म्हणजे अवेळ, हे सर्वांनी मान्य केले; ‘अकार’वर मात्र दहावीच्या मुलांनी जोरदार हरकत घेतली. बाईंनी शांतपणे विचारले, “अकारान्त नामे चालवता ना रे वर्गात? मग त्यातला अकार कुठून आला?” हरकत तिथेच मिटली आणि टाळ्या पडल्या.

अक्षरे तीनच बदलायची, मग पायऱ्या चार कशाला, असा प्रश्न त्या संध्याकाळी बक्षीस समारंभाला आलेल्या एका पालकांनी काढला. तीन पायऱ्यांत हे जमत नाही, असे सरांनी मधले सगळे पर्याय लिहून दाखवले, तरी कोणाचे समाधान होईना. अध्यक्षांचे भाषण सुरू झाले तेव्हाही चार-पाच पालक आणि शाळेचे शिपाईकाका फळ्यापाशी खडू घेऊन उभेच होते.